हिरव्या पानाची साक्ष पुरत नाही

पालकाची जुडी हातात घेतली की आपण काय बघतो? पान तुकतुकीत आहे ना, देठ ताठ आहे ना, कडा पिवळ्या पडल्या नाहीत ना. आईने मला हेच शिकवलं आणि मी माझ्या सुनेला हेच शिकवलं. आमच्या लोकमान्य नगरच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणारी बाईही पान उलटं करून दाखवते, "देख लो बाई, एक दाग नहीं है." ती खोटं बोलत नाही. डाग खरंच नसतो. पण ३४ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून झाल्यावर मला त्या बिनडाग पानाचीच काळजी वाटते. ती का वाटते हे आज नीट मांडायचं आहे, कारण हा माझ्या एकटीच्या स्वयंपाकघराचा प्रश्न नाही. इंदूरने आपल्या नदीचं आणि नदीकाठच्या शेतीचं काय करायचं, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

आमच्या पिढीची ती खान नदी. कागदोपत्री आता कान्ह. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ तिला सरस्वती मिळते, पुढे ती सांवेरच्या दिशेने उत्तरेला निघते आणि उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीला शिप्रेत शिरते. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी शहराच्या नळाला आलं आणि तेव्हापासून इंदूरकराला स्वतःच्या नदीकडे बघायचं कारणच उरलं नाही. प्यायला नर्मदा, सांडायला खान. गावातले नाले तिच्यात गेले, सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीकडचे नालेही तिच्यात गेले. शहर संपतं तिथे काठावर पाणी उपसणाऱ्या मोटारी लागलेल्या दिसतात आणि त्यांच्यामागे पालक, मेथी, कोथिंबीर, मुळ्याचे वाफे. ते वाफे इतके हिरवे असतात की एप्रिलच्या करपलेल्या माळव्यात लांबूनही डोळ्यांत भरतात.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी अशा एका शेतात गेले होते. शेताच्या मालकाने आम्हाला बांधावर बसवलं, चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "मॅडम, कुएँ का पानी अप्रैल में खत्म. ये पानी बारह महीने चलता है, और खाद भी कम डालनी पड़ती है." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मैलापाण्यात नत्र असतं, स्फुरद असतं. पीक त्यावर माजतंच. तो आपल्या परीने शहाणपणाची शेती करत होता, आणि पुढे मी जे काही लिहिणार आहे ते त्याच्याविरुद्ध आहे असं कोणी समजू नये.

अडचण अशी की त्या पाण्यात दोन वेगळ्या जातींची घाण एकत्र वाहते. एक कुजणारी. मैला, खरकटं, साबण, जंतू. उन्हाने, हवेने, मातीतल्या जिवाणूंनी आज ना उद्या ती मोडते. दुसरी कधीच न मोडणारी: शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक. हे धातू किंवा धातूसारखे पदार्थ आहेत, मूलद्रव्यं आहेत. त्यांना कुजवता येत नाही, जाळून नाहीसं करता येत नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं किंवा रूप बदलणं, एवढंच त्यांच्या बाबतीत घडू शकतं.

माझ्या माहेरच्या गल्लीच्या टोकाला निकल पॉलिशचं एक दुकान होतं. सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, पडद्यांचे कडे तांब्याच्या तारेला लटकवून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बुडवायचे. निकेलच्या टाकीचं पाणी गडद हिरवं, क्रोमच्या टाकीचं तांबूस नारिंगी. दोन टाक्यांच्या मध्ये साध्या पाण्याचा टब, त्यात वस्तू खळबळायची आणि पुढे न्यायची. संध्याकाळी हे टब गटारात ओतले की गटार थोडा वेळ पोपटी आणि मग पिवळं दिसायचं. आम्ही मुलं ते रंग बघायला थांबायचो. ते पाणी पुढे कुठे जातं, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही. दुकानाचा मालक भला माणूस होता, दर गणपतीत प्रसाद पाठवायचा. अशी दुकानं, वापरून फेकलेल्या बॅटऱ्या, रंग, मूर्तींवरचे झगझगीत लेप, भंगार फोडण्याचे धंदे, असं थोडं थोडं करत एका मोठ्या शहराचा धातू नदीत उतरतो. शेतातल्या फॉस्फेट खतातूनही कॅडमियमचा अंश जमिनीत जातो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आता रोपाकडे येऊ. अकरावीच्या मुलांना आम्ही रिओचं पान दाखवायचो. कॉलेजच्या कुंड्यांमध्ये हमखास असणारं, वरून हिरवं, खालून जांभळं. खालच्या बाजूची पातळ साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की जांभळ्या फरश्या अंथरल्यासारख्या पेशी दिसतात. त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. पेशीची भिंत जागच्या जागी राहते आणि आतला जांभळा भाग आकसून मध्यभागी गोळा होतो. मुलं श्वास रोखून बघायची. मग मी विचारायची, तो रंग नक्की कुठे आहे? रंग रिक्तिकेत असतो. वाढ झालेल्या वनस्पती-पेशीची बहुतेक जागा या रिक्तिकेने व्यापलेली असते आणि जिवंत कामकाज तिच्या भोवतीच्या पातळ थरात चालतं. घराची कोठीची खोली म्हणा हवं तर. रोजच्या वावरात नको असलेली वस्तू कोठीत टाकून कडी लावायची, तसं रोप करतं. रंग, आम्लं, कडू पदार्थ, आणि वेळ आली तर विषारी धातूसुद्धा.

जमिनीतून कॅडमियम मुळाशी येतं तेव्हा मुळाला ते ओळखू येत नाही. लोह आणि जस्त आत घेण्यासाठी मुळांवर जी वाहक प्रथिनं असतात त्यांच्याच दारातून ते आत शिरतं. आर्सेनिकचं एक रूप फॉस्फेटच्या दारातून येतं. रोपाला स्फुरद हवंच असतं, त्यामुळे दार बंद ठेवता येत नाही. आत आल्यावर मात्र रोप गप्प बसत नाही. काही धातू मुळाच्या पेशीभिंतींना चिकटवून तिथेच थोपवले जातात. शिशाचा आणि क्रोमियमचा मोठा वाटा असा मुळातच अडकतो. जो पुढे जातो त्याला पकडायला रोप ग्लुटाथिओन नावाच्या, पेशीतल्याच एका गंधकयुक्त रेणूपासून छोट्या साखळ्या तयार करतं. त्यांना फायटोकेलॅटिन म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये त्यांची रचना उलगडली. या साखळ्यांमध्ये गंधकाचे हात असतात आणि कॅडमियम त्या हातांना घट्ट धरतं. विशेष म्हणजे साखळ्या विणणारं विकर पेशीत आधीपासूनच तयार असतं आणि धातू आला की तेव्हाच कामाला लागतं. धरलेला धातू मग रिक्तिकेत ढकलला जातो. पानाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा वाचते. पान हिरवं राहतं.

ही व्यवस्था मला आजही विलक्षण वाटते. काही वनस्पतींनी तर ती अशा टोकाला नेली आहे की ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे, त्याला खाच पाडली की निळसर हिरवा चीक येतो आणि वाळवलेल्या त्या चिकाचा जवळजवळ चौथा हिस्सा निकेल असतं. आर्सेनिक साठवणारं एक नेचं २००१ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका दूषित जागेवर ओळखलं गेलं. टेरिस व्हिटाटा त्याचं नाव. आपल्या देशातही चुन्याच्या जुन्या भिंतींवर आणि विहिरींच्या कडांना ते उगवतं, कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. धातू असा भरभरून साठवणाऱ्या सातशेहून अधिक वनस्पती आज माहीत आहेत, त्यातल्या बहुतेक निकेलच्या. किडे आणि जनावरांपासून बचाव म्हणून त्या धातू अंगात बाळगत असाव्यात, असं एक मत आहे.

हे सगळं रोप करतं ते स्वतःच्या जिवासाठी. आपल्याला कोणी खाणार आहे हे त्याच्या हिशेबात नसतं. रोपाने कोठीत ठेवून कडी लावलेला धातू आपल्या ताटात येतो तेव्हा कडीसकट येतो, आणि आपल्या पोटातलं आम्ल ती कडी उघडतं.

इथे धातूधातूंमधला फरक समजून घ्यायला हवा, कारण सगळा धोका त्या फरकात आहे. जमिनीत जस्त किंवा तांबं फार झालं तर रोप आधी स्वतः आजारी पडतं. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते, शेतकऱ्याच्या लक्षात येतं. माणसाला बाधेल इतकं जस्त पानात जमा व्हायच्या आतच पीक बसतं. निसर्गाने घातलेलं हे कुंपण आहे. शिशाला माती आणि मूळ बऱ्यापैकी अडवतात. पानावर मिळणारं शिसं बरंचसं धुळीतून आणि मातीच्या शिंतोड्यांतून आलेलं असतं, भाजी तीन-चार पाण्यांनी धुतली तर त्यातलं बरंच निघून जातं. कॅडमियमला मात्र हे कुंपण अडवत नाही. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने पालेभाजीसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम ठेवली आहे. पालकात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे सुक्या पानाच्या हिशेबाने ही मर्यादा साधारण २ मिलिग्रॅम झाली. आणि रोपावर कॅडमियमची बाधा दिसायला लागते ती सर्वसाधारणपणे सुक्या पानात ५ ते ३० मिलिग्रॅम झाल्यावर. या दोन आकड्यांमध्ये एक पट्टा आहे. त्या पट्ट्यातलं पान माणसाच्या मर्यादेच्या वर गेलेलं असतं आणि दिसायला अगदी निरोगी असतं. धुऊन उपयोग नाही, कारण धातू पेशीच्या आत आहे. शिजवूनही तो नाहीसा होत नाही. आईने शिकवलेली सगळी परीक्षा इथे निकामी होते.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. माणसाच्या आतड्यातही कॅडमियम लोहाच्याच दाराने आत शिरतं. अंगात लोह कमी असलं की शरीर ते दार जास्त उघडतं, आणि मग कॅडमियमही जास्त आत येतं. म्हणजे रक्त कमी असलेल्या बाईला त्याच ताटातून इतरांपेक्षा जास्त विष मिळतं. आपल्या घरांमध्ये ती काय करते? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून लोह मिळावं यासाठी पालक खाते. आत शिरलेलं कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात.

जपानमध्ये तोयामा भागात जिन्झू नदीच्या काठी हे घडून गेलं आहे. वर कामिओकाची जस्ताची खाण, तिच्यातून नदीत उतरणारं कॅडमियम, खाली त्या पाण्यावरची भातशेती. हाडं इतकी मऊ व्हायची की साध्या खोकल्याने मोडायची. रोगाचं नाव इताई-इताई, म्हणजे "दुखतंय, दुखतंय". बळी पडल्या त्यात बहुतेक वय झालेल्या, अनेक बाळंतपणं झालेल्या बायका होत्या. १९६८ मध्ये सरकारने हा प्रदूषणाचा रोग असल्याचं मान्य केलं. नंतर दूषित भातखाचरांमधली माती बदलण्याचं काम हाती घेतलं गेलं आणि ते २०१२ पर्यंत चाललं. इंदूरची स्थिती तशी आहे असं मी म्हणत नाही. इथे कोणी रोज भाताच्या प्रमाणात पालक खात नाही, आणि आपली काळी, चिकण, अल्कधर्मी माती धातूंना बऱ्यापैकी धरून ठेवते. पण धरून ठेवणं म्हणजे साठवणंच. दरवर्षी त्याच वाफ्यात तेच पाणी सोडलं तर साठा वाढतच जाणार. जपानमध्ये त्या बायकांची हाडं दुखायला लागल्यावर मोजमाप झालं. आपल्याला ते आधी करता येईल.

आता सगळ्यात लोकप्रिय उपायाबद्दल. नदीचा विषय निघाला की सभेत कोणी ना कोणी उठून म्हणतं, काठावर झाडं लावा, कर्दळ लावा, मोहरी लावा, झाडं विष शोषून घेतील. टाळ्या पडतात. मला या कल्पनेचा तिटकारा नाही. चेर्नोबिलजवळच्या एका तळ्यात सूर्यफुलं तराफ्यांवर लावून त्यांच्या मुळांनी किरणोत्सारी द्रव्यं ओढून घेतली होती, हे खरं आहे. पण शेतजमिनीतून धातू उपसायचा म्हणजे काय, याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. एक हेक्टर जमिनीचा वरचा वीतभर थर धरला तर त्याचं वजन साधारण २० लाख किलो भरतं. समजा त्या मातीत किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम आहे आणि ते ३ वर आणायचं आहे. म्हणजे ४ किलो कॅडमियम बाहेर काढायचं. मोहरीचं भरघोस पीक घेतलं, हेक्टरी १० टन सुकं वजन आलं आणि त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम कॅडमियम आलं असं उदार मनाने धरलं, तर वर्षाला १०० ग्रॅम निघतात. चार किलोंना चाळीस वर्षं. त्या चाळीस वर्षांत एकदाही त्या शेतात नवं विष उतरता कामा नये. आणि त्या मोहरीची पानं कोणी सरसोंच्या सागासाठी खुडता कामा नयेत, तिचा पाला म्हशीपुढे पडता कामा नये. या अटी आपल्याकडे कोण पाळणार?

शिवाय कापलेलं पीक न्यायचं कुठे? भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला आणून जाळला गेला, तेव्हा इथल्या लोकांनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता: राखेचं काय? धातू शोषलेलं झाड जाळलं तरी हाच प्रश्न उभा राहतो. सेंद्रिय भाग धूर होऊन जातो, धातू राखेत उतरतो. नदीतून काठावर उपसून ठेवलेल्या जलपर्णीचीही तीच गत. पहिल्या मोठ्या पावसात ती पुन्हा नदीत जाते, शोषलेलं सगळं घेऊन.

झाडांचा खरा उपयोग वेगळ्या कामासाठी आहे. वाळ्यासारखं गवत खोल मुळं सोडतं, बराचसा धातू मुळांतच अडकवतं आणि माती धुपू देत नाही. धूळ उडत नाही, गाळ वाहून जात नाही. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा जुना कचऱ्याचा डोंगर हटवून तिथे झाडं लावली, तो योग्य वापर होता. तिथलं कोणी काही तोडून खात नाही. विषाला जागच्या जागी धरून ठेवणं वनस्पतींना छान जमतं. ते नाहीसं करण्याची अपेक्षा त्यांच्याकडून आपण करतो, आणि त्या अपेक्षेच्या आडोशाला नाल्याचं तोंड उघडंच राहतं. मला राग येतो तो याचा.

इंदूरच्या संदर्भात हे सगळं मनाला जास्त लागतं, कारण घाणीला मातीत परत नेण्याचा विचार या गावाने जगाला शिकवला आहे. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून आलेल्या पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारांनी १९१८ मध्ये शहराच्या रचनेचा अहवाल दिला. मैल्याची जागा नदी नव्हे, बाग आहे, असा त्यांचा आग्रह होता. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ इथे आले. होळकरांनी दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, त्यांनी शेण, पालापाचोळा, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचं नाव आहे. सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगणारे हॉवर्डपाशी थांबतात, आपण तरी वाडांना विसरू नये.

जमिनीतून घेतलेलं जमिनीला परत करायचं, हे या माणसांचं सूत्र होतं. ते आजही खरं आहे, फक्त परत करायच्या मालात धातू मिसळला की त्याच सूत्राने विष परत जातं. गेडिस आणि हॉवर्ड यांच्या काळातल्या मैल्यात असा धातू जवळजवळ नव्हता, त्यामुळे त्यांना ही अट घालावी लागली नाही. आपल्याला घालावीच लागेल.

आणि ती घालण्याची सवय या गावाला आहे. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येणारं हे शहर घराघरात कचरा वेगळा करतं. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक, इलेक्ट्रॉनिक. आमच्या शेजारच्या सत्तरीतल्या काकू घड्याळाचा संपलेला सेल निराळ्या डब्यात टाकतात आणि नातवाने चुकून ओल्यात टाकला तर हात घालून बाहेर काढतात. त्या ओल्या कचऱ्यातूनच रोज ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प चालतो, आणि शहरी खतात किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम आणि १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नसावं असा नियम आहे. मग जो नियम काकूंच्या डब्याला लागू आहे, तो मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या टबाला का नाही? काकू एक सेल वेगळा ठेवतात आणि तिकडे टबच्या टब नाल्यात रिकामे होतात. धुण्याचं ते पाणी कारखान्यातच वेगळं धरता येतं. क्रोमियमचं घातक रूप रसायनाने कमी घातक रूपात आणायचं, चुन्याने धातू खाली बसवायचा आणि तो गाळ घातक कचऱ्याच्या ठिकाणी पाठवायचा. हे तंत्र जुनं आहे. लहान दुकानाला एकट्याने परवडत नाही हे खरं, म्हणून दहा-वीस दुकानांनी मिळून एक सामाईक टाकी चालवावी, महापालिकेने ती उभी करून द्यावी आणि रोजचं पाणी तिथे पोहोचलं का याची नोंद ठेवावी.

मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे ना, मग काळजी कशाची, असं मला अनेकदा सुनावलं जातं. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणारं शहर ठरलं, आणि तो अभिमान मलाही आहे. पण ही केंद्रं मुख्यतः कुजणाऱ्या घाणीसाठी बांधलेली असतात. आलेल्या धातूचा बराचसा भाग तिथे गाळात बसतो. पाणी सुधारतं, गाळ जड होतो. गाळातले जंतू गामा किरणांनी मारण्याचं तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलं आहे. अहमदाबादने ते वापरलं आणि इंदूरनेही तीच वाट धरली. जंतूंसाठी ते उत्तमच आहे. कॅडमियमच्या अणूवर गामा किरणांचा काही परिणाम होत नाही. तो गाळ खत म्हणून शेतात जाणार असेल, तर प्रत्येक खेपेबरोबर धातूंचा अहवाल गेला पाहिजे, आणि तो शेतकऱ्याला वाचता येईल अशा भाषेत असला पाहिजे.

दुसरी मागणी मोजण्याची. दुधाचं फॅट गल्लीतल्या डेअरीवर मोजलं जातं, पालकाचं कॅडमियम कुठल्याही मंडईच्या दारात मोजलं जात नाही. दर भाजीची परीक्षा शक्य नाही, मान्य. पण सांवेरपर्यंतच्या काठावरच्या शेतांचे पट्टे पाडून वर्षातून दोनदा, रब्बीच्या शेवटी आणि उन्हाळ्यात, माती आणि पानं दोन्ही तपासता येतात. पान वाळवायचं, आम्लात विरघळवायचं, अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्रावर मोजायचं. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांमध्ये हे काम एमएस्सीची मुलं करतात. आकडे पट्ट्यानिशी जाहीर करावेत, कुठल्या शेतकऱ्याचं नाव न घेता.

नाव न घेता हे मुद्दाम लिहिलं. पूर्वी एका कारवाईत पथक आलं आणि ज्याच्या बांधावर आम्ही चहा प्यायलो होतो त्याच्यासारख्या एका शेतकऱ्याचं उभं पीक उपटून गेलं. फोटो निघाले, बातमी आली. पंधरा दिवसांनी त्याच वाफ्यात त्याच पाण्यावर पुन्हा पालक उगवला, कारण त्याला दुसरं पाणी कोणी दिलं नव्हतं आणि दुसरं पीक कोणी सुचवलं नव्हतं. सुचवता येण्यासारखं पुष्कळ आहे. पालेभाज्या आणि कंदमुळं धातू जास्त घेतात. फळभाज्या आणि शेंगा बऱ्याच कमी. तोच शेतकरी दुधी, टोमॅटो, वटाणा, घोसाळी म्हणजे आमची इंदुरी गिलकी घेऊ शकतो. सगळ्यात दूषित पट्ट्यात झेंडू, शेवंती, गुलाब. फुलांना या गावात कधी गिऱ्हाईक कमी पडलं नाही. माळव्याच्या बऱ्याच जमिनींत जस्त कमी असतं. माती तपासून जस्त दिलं तर ते कॅडमियमशी दारात स्पर्धा करतं आणि कॅडमियम कमी आत जातं. बदलाच्या दोन-तीन वर्षांत उत्पन्नाची जी तूट येईल ती शहराने भरून द्यावी. त्या पाण्यात धातू शहराने घातला, शेतकऱ्याने नाही.

२०२८ च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी बंद नळातून आणि बोगद्यातून उज्जैनच्या घाटांना वळसा घालून पुढे नेण्याचं काम काढलं आहे. ९०० कोटींहून अधिक खर्चाचं. भाविकांना स्वच्छ शिप्रेत स्नान मिळावं ही इच्छा माझीही आहे, माझ्या सासूबाई प्रत्येक सिंहस्थाला जात असत. पण नळाच्या दुसऱ्या तोंडालाही शेतं आहेत. पाण्याची वाट बदलण्यावर जो पैसा लागतो, त्यातला एक छोटा हिस्सा सांवेर रोडच्या सामाईक टाक्यांवर आणि पानांच्या तपासणीवर लावावा, एवढं मागायला कोणी मोठा शास्त्रज्ञ असायला नको.

हातगाडीवाल्या बाईला मी हल्ली एकच गोष्ट विचारते, भाजी कुठल्या पाण्याची? सुरुवातीला ती चिडायची. मग एकदा तिने सांगितलं की ती पहाटे चारला मंडईत लिलावात माल उचलते, तिथे सगळ्या गावांच्या जुड्या एकाच ढिगात असतात. आता मी विचारायच्या आधीच ती म्हणते, "कुएँ की है बाई." ती मनापासून म्हणत असते. ढिगातली कुठली जुडी विहिरीची आणि कुठली नदीची, हे सांगायला तिच्याकडे पानाशिवाय काही नाही, आणि पान दोन्हीकडे सारखंच हिरवं असतं.